आकाश निरभ्र, पण हेडिंग इंडिकेटर सरकतोय: आयएफआर प्लॅन टाकावा का?

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातली. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावरून उड्डाणाचं प्रशिक्षण घेतेय, पुढचा टप्पा इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा, म्हणजे उपकरणांवरून उडण्याच्या परवानगीचा आहे. निपाणीचा माझा मावसभाऊ अमेरिकेत शिकतोय. आयएफआर, म्हणजे उपकरणांच्या आधारानं उडण्याच्या नियमांखालच्या, उड्डाणाला कायद्यानं कोणती उपकरणं लागतात याची यादी त्यानं पाठवली. आमच्या वर्गातल्या यादीत व्हीएसआय (चढण्या-उतरण्याचा दर दाखवणारं उपकरण) आणि बाहेरच्या हवेचं तापमान दाखवणारं मापक आहे, त्याच्या यादीत ही दोन्ही नाहीत. यातली खरी यादी कोणती? दुसरं म्हणजे, एका विमानाचा हेडिंग इंडिकेटर (विमानाचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते दाखवणारं उपकरण) पाच मिनिटांत दहा अंशांपर्यंत सरकतो. हवा स्वच्छ असेल, तर त्यावर आयएफआर प्लॅन टाकून सराव करायला हरकत नाही, टॅबलेटवर जीपीएस असतोच, असं बरोबरचे सांगतात. मला ते पटत नाही, पण मोठ्यांसमोर नाही कसं म्हणायचं तेही कळत नाही.

उत्तर: तुमच्या दोन्ही याद्या खऱ्या आहेत. कोणती लागू होते हे विमानाच्या शेपटीजवळची अक्षरं ठरवतात. ‘व्हीटी’नं सुरू होणारी नोंदणी असेल तर विमान भारताचं, आणि त्याला डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नागरी विमान वाहतूक आवश्यकता लागू होतात. त्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या परिशिष्ट ६ वर बेतलेल्या आहेत. तुमच्यासारख्या छोट्या विमानांसाठी त्याचा दुसरा भाग पाहायचा. भाऊ ज्या विमानात बसतो त्याची नोंदणी ‘एन’नं सुरू होते. त्याची यादी अमेरिकी नियमांच्या भाग ९१ मधल्या कलम ९१.२०५ मध्ये आहे. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला, पण त्यात उपकरणांची यादी शोधत बसू नका. तो तपशील डीजीसीएच्या आवश्यकतांमध्येच असतो.

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवू. परिशिष्ट ६ प्रमाणे आयएफआरला पुढच्या गोष्टी मोजून दाखवणारी साधनं हवीत: चुंबकीय दिशा (म्हणजे साधा होकायंत्री कंपास), तास-मिनिट-सेकंदातली वेळ, हवेच्या दाबावरून उंची, हवेतला वेग (आणि बाष्प किंवा बर्फ साचून वेगमापक बिघडू नये याची सोय, म्हणजे पिटो या वेग मोजणाऱ्या नळीला गरम ठेवणारी पिटो हीट), वळण आणि घसरण, विमानाचा कल, स्थिर केलेली दिशा म्हणजेच तुमचा हेडिंग इंडिकेटर, जायरोंना (उपकरणांमधल्या वेगानं फिरणाऱ्या चकत्यांना) पुरेशी ताकद मिळतेय की नाही हे दाखवणारी खूण, बाहेरचं तापमान, आणि चढण्या-उतरण्याचा दर. वळण, कल आणि दिशा ही तीन कामं एकाच पडद्यावर एकत्र आणलेली चालतात, मात्र एका बिघाडात तिन्ही एकदम जाणार नाहीत अशी व्यवस्था हवी.

अमेरिकी यादी वेगळ्या पद्धतीनं रचली आहे. आधी दिवसाच्या व्हीएफआरची (बाहेर पाहून उडण्याच्या नियमांची) सगळी उपकरणं: वेगमापक, अल्टिमीटर म्हणजे उंचीमापक, कंपास, इंजिनचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर, ऑइलचा दाब आणि तापमान, प्रत्येक टाकीचं इंधनमापक, पट्टे, ईएलटी (अपघातात ठिकाण कळवणारा ट्रान्समीटर) वगैरे. त्यावर आयएफआरची भर: मार्गाला योग्य असा दुतर्फा रेडिओ आणि नेव्हिगेशन उपकरणं, वळणाचा दर दाखवणारा जायरो, घसरणीचा गोळा, दाबानुसार जुळवता येणारा संवेदनशील अल्टिमीटर, सेकंद दाखवणारं घड्याळ, पुरेशा क्षमतेचा जनरेटर किंवा अल्टरनेटर, अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर (विमानाचा कल दाखवणारा) आणि डायरेक्शनल जायरो, म्हणजे हेडिंग इंडिकेटरच. व्हीएसआय आणि तापमापक यात खरोखरच नाहीत. भावाची यादी चुकलेली नाही.

फरक इथेच संपत नाही. रात्रीच्या उड्डाणात तो सर्वांत मोठा होतो, आणि वर्गात त्याकडे फारसं लक्ष जात नाही. अमेरिकेत रात्री व्हीएफआर जायचं तर दिवसाच्या यादीत दिवे, विजेचा स्रोत आणि सुटे फ्यूज यांची भर पडते, जायरो लागत नाहीत. परिशिष्ट ६ म्हणतं की रात्री उडणाऱ्या विमानात आयएफआरची संपूर्ण यादी हवी, शिवाय लँडिंग लाइट, प्रत्येक उपकरणावर प्रकाश आणि प्रत्येक वैमानिकाच्या जागेपाशी वेगळा हातदिवा. त्यामुळे संध्याकाळी सांबऱ्याभोवती सर्किट मारायचं असलं तरी सरकणारा हेडिंग इंडिकेटर हा प्रश्न असतोच. त्यासाठी ढग असण्याची गरज नाही.

आणखी एक पुस्तक आहे, ते म्हणजे विमानाचं स्वतःचं. कायद्याच्या यादीतलं सगळं चालू असूनही विमान त्या दिवशी आयएफआरला अपात्र असू शकतं. सेस्ना १७२एस या छोट्या विमानाच्या हँडबुकमध्ये सहाव्या प्रकरणात उपकरणांची यादी असते आणि प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर: ‘आर’ म्हणजे प्रमाणनासाठी अनिवार्य, ‘एस’ म्हणजे नेहमीचं, ‘ओ’ म्हणजे पर्यायी, ‘ए’ म्हणजे जादा बसवलेलं. जी१००० (काट्यांऐवजी पडद्यांचं पॅनेल) असलेल्या १७२ मध्ये दुसऱ्या प्रकरणात तक्ता असतो: दिवसा व्हीएफआर, रात्री व्हीएफआर, दिवसा आयएफआर, रात्री आयएफआर, कशाला काय हवं. हा तक्ता मर्यादांच्या प्रकरणात आहे, म्हणजे तो बंधनकारक आहे. यादी पाठ करण्यासाठी इंग्रजी आद्याक्षरांचे जे शब्द मुलं घोकतात, त्यात हा तक्ता येत नाही. म्हणून आम्ही पाठांतरापेक्षा हँडबुकचं ते पान उघडायला सांगतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. आकाश निरभ्र आहे म्हणून उपकरणांची अट सैल होत नाही. आयएफआर प्लॅन टाकला आणि नियंत्रकाची परवानगी (क्लिअरन्स) स्वीकारली की पूर्ण यादी लागू झाली, मग बाहेर गोकाकपर्यंत स्वच्छ दिसत का असेना. हा नियम कागदी नाही. तुम्ही आयएफआरवर असता तेव्हा नियंत्रक दुसऱ्या विमानाला तुमच्यापासून दूर ठेवतो, तो तुम्ही सांगितलेली दिशा धरून आहात हे गृहीत धरून. दहा अंशांची चूक असेल तर साठ सागरी मैलांमागे सुमारे दहा मैल तुम्ही बाजूला जाता. शंभर नॉट्सनं सहा मिनिटं उडालात तरी दीड मैलाहून जास्त सरकलात. तुम्हाला बाहेर सगळं दिसतंय, पण नियंत्रकाच्या हिशेबात तुम्ही दुसरीकडेच आहात.

त्यात आपल्या भागाचं हवामान. पावसाळ्यात कणकुंबी, जांबोटी, चोर्ला घाटाच्या बाजूनं ढग सह्याद्रीवरून आत येतात आणि पठारावर खाली बसतात. त्याच वेळी अथणी-गोकाककडे ऊन पडलेलं असतं. पूर्वेला स्वच्छ हवेत सराव सुरू केला आणि परतताना सांबऱ्यावर ढग खाली आले, असं जूनपासून सप्टेंबरपर्यंत सहज घडतं. सराव म्हणून टाकलेला आयएफआर प्लॅन तिथे खरा होतो, आणि हाताशी असतो तो सरकणारा हेडिंग इंडिकेटर.

हा इंडिकेटर नेमका किती बिघडलाय हे आधी मोजा. जायरो थोडा सरकणारच, कारण पृथ्वी फिरते. हे सरकणं अक्षांशावर अवलंबून असतं: तासाला पंधरा अंश गुणिले अक्षांशाचा साइन. बेळगाव १५.८ अंशांवर आहे, म्हणजे इथे हा वाटा तासाला साधारण चार अंश, पंधरा मिनिटांत एक. बेअरिंगच्या घर्षणाचा वाटा धरूनही पंधरा मिनिटांत तीन अंशांपर्यंतच ठीक मानतात. तुमचा आकडा त्याच्या कितीतरी पट आहे. नोंद करताना विमान सरळ आणि समतल ठेवा, वेग स्थिर ठेवा, मगच कंपास वाचा. वळणात किंवा वेग बदलताना कंपास स्वतःच चुकीचं दाखवतो, आणि त्या चुकीवर इंडिकेटर जुळवला तर दोष भलत्याच्या माथी जातो.

मग कारण शोधायचं. साध्या १७२ मध्ये अ‍ॅटिट्यूड आणि हेडिंग हे दोन्ही जायरो व्हॅक्यूमवर (पंपानं ओढलेल्या हवेवर) चालतात, वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर विजेवर. इंजिन सुरू झाल्यावर जायरो पूर्ण वेगात यायला पाच मिनिटं द्या. रन-अपला (उड्डाणाआधीच्या इंजिन चाचणीत) १८०० आरपीएमवर व्हॅक्यूमचा काटा पाहा, १७२एसमध्ये तो ४.५ ते ५.५ इंचांत हवा. आयडलवर तो खाली दिसला म्हणून घाबरू नका, पण रन-अपलाही खालीच राहिला तर मागे फिरा. काटा खाली आणि अ‍ॅटिट्यूड इंडिकेटरही आळसावलेला, असं असेल तर दोष दोघांना एकत्र पुरवठा करणाऱ्या बाजूला आहे: फिल्टर तुंबला, नळीला चीर गेली, रेग्युलेटर सरकला किंवा पंप थकला. मार्च ते मे आपल्याकडची तांबडी धूळ हँगरमध्येही बसते आणि मधला एअर फिल्टर लवकर भरतो, तिथून सुरुवात करायला एएमईंना (विमान देखभाल अभियंत्यांना) सांगा. काटा बरोबर, अ‍ॅटिट्यूड व्यवस्थित आणि एकटा हेडिंगच सरकतोय, तर त्याच्याच बेअरिंगचा दोष असण्याची शक्यता जास्त, आणि ते उपकरण काढून कार्यशाळेत पाठवावं लागतं. कोरड्या व्हॅक्यूम पंपातली कार्बनची पाती झिजतात आणि मोडतात तेव्हा पूर्वसूचना न देता मोडतात, हेही ध्यानात असू द्या.

टॅक्सी करताना सगळ्यांची परीक्षा एका वळणात होते, ती चुकवू नका. डावीकडे वळताना टर्न कोऑर्डिनेटर डावीकडे झुकला पाहिजे, गोळा उजवीकडे गेला पाहिजे, हेडिंगचे आकडे कमी होत गेले पाहिजेत, कंपास मोकळा फिरला पाहिजे आणि त्यात द्रव भरलेला असला पाहिजे. अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर टॅक्सीच्या वळणात पाच अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. व्हीएसआय शून्यावर नसेल तर तो किती दाखवतो ते लिहा, उड्डाणात तेवढा फरक धरायचा.

अल्टिमीटरबद्दल एक खास सूचना. आपल्याकडे क्यूएनएच (अल्टिमीटरवर लावायचा, समुद्रसपाटीवर आणलेला हवेचा दाब) हेक्टोपास्कलमध्ये मिळतो, अमेरिकेत पाऱ्याच्या इंचांत. प्रमाण दाब १०१३.२५ म्हणजेच २९.९२. काही विमानांच्या अल्टिमीटरला फक्त इंचांचीच खिडकी असते. रूपांतराच्या तक्त्याची छोटी चिठ्ठी गुडघ्यावरच्या पाटीला लावून ठेवा. एक हेक्टोपास्कलची चूक म्हणजे साधारण २८ फूट, आणि आकडे ऐकताना दहाची गल्लत झाली तर पावणेतीनशे फूट गेले. सांबऱ्याची उंची सुमारे अडीच हजार फूट आहे. क्यूएनएच लावल्यावर अल्टिमीटरनं अधिकृत आकडा दाखवला पाहिजे. अमेरिकेत ७५ फुटांपेक्षा जास्त फरक असेल तर अल्टिमीटर संशयास्पद मानतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत छोट्या विमानांच्या नेहमीच्या अल्टिमीटरला ६० फुटांची मुभा आहे. तुम्ही ६०च धरा. आणि हेच विमान उद्या व्यावसायिक वाहतुकीत आयएफआर वापरायचं झालं तर परिशिष्टाचा पहिला भाग दोन अल्टिमीटर मागतो.

पिटो आणि स्टॅटिककडे (बाजूच्या स्थिर हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांकडे) पावसाळ्यात विशेष लक्ष हवं. दोन दिवस आच्छादन न घालता विमान उभं राहिलं की कुंभारीण माशी पिटोत मातीचं घर करते. पिटोचं तोंड बंद आणि निचऱ्याचं भोक उघडं असेल तर वेग शून्याकडे घसरतो. दोन्ही बंद असतील तर वेगमापक अल्टिमीटरसारखा वागतो: चढताना वाढतो, उतरताना कमी होतो. चढताना वेग वाढतोय म्हणून नाक आणखी वर घेतलं की पुढची पायरी स्टॉल, म्हणजे पंखांची उचल तुटणं. ६ फेब्रुवारी १९९६ ला पुएर्तो प्लाताहून निघालेलं बिर्गनएअरचं बोइंग ७५७ बंद झालेल्या पिटोमुळे पडलं आणि १८९ माणसं गेली. तपासात संशय अशाच माशीच्या घरट्यावर आला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पेरूमध्ये एरोपेरूचं विमान पडलं, ७० जण गेले. विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली पट्टी काढायची राहिली होती. स्टॅटिक बंद झालं की अल्टिमीटर जागेवर थिजतो, व्हीएसआय शून्यावर राहतो, आणि त्या उंचीच्या वर वेगमापक कमी दाखवतो, खाली जास्त. विमान धुतलेल्या दिवशी दोन्ही पोर्ट बोट न घालता, डोळ्यांनी पाहा. स्टॅटिकमध्ये पाणी गेल्याचा संशय असेल तर निचरा एएमईंकडूनच करून घ्या. पर्यायी स्टॅटिक उघडल्यावर आतला दाब सहसा कमी असल्यामुळे उंची आणि वेग दोन्ही किंचित जास्त दिसतात, तो फरक हँडबुकमधून आधीच काढून ठेवा.

टॅबलेटचं उत्तर छोटं आहे: तो मोजला जात नाही. आयएफआरसाठी धरला जाणारा जीपीएस विमानात बसवलेला, मान्यताप्राप्त आणि हँडबुकच्या पुरवणीत आयएफआरला परवानगी असलेला असावा लागतो. त्याचा डेटाबेस २८ दिवसांच्या चक्रानं बदलतो, तारीख चालू होताना पडद्यावर दिसते, ती वाचल्याशिवाय ‘एंटर’ दाबू नका. टॅबलेट नकाशासाठी जरूर वापरा, उन्हात तो तापून बंद पडतो हे धरून. मनगटावरच्या घड्याळालाही हीच गोष्ट लागू: पॅनेलवरचं घड्याळ सेल संपून बंद पडलेलं असतं आणि कोणाचंच लक्ष नसतं. दोन्ही याद्यांमध्ये सेकंद दाखवणारी वेळ आहे.

कागदावरच्या तारखाही उपकरणाइतक्याच महत्त्वाच्या. भावाला सांगा: अमेरिकेत आयएफआरसाठी अल्टिमीटर आणि स्टॅटिकची चाचणी मागच्या २४ कॅलेंडर महिन्यांत झालेली हवी, ट्रान्सपाँडरची (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राची) तशीच २४ महिन्यांत, आणि व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून दिशा दाखवणारं उपकरण) वापरणार असेल तर मागच्या ३० दिवसांत तपासलेला हवा. जमिनीवरच्या तपासणीत चार अंशांपर्यंत चूक चालते, हवेतल्या तपासणीत सहा, आणि दोन संच एकमेकांशी ताडून पाहिले तर त्यांच्यात चार. त्यानंतर तारीख, जागा, चूक आणि सही नोंदवायची. ही नोंद वैमानिकानं स्वतः करायची असते म्हणूनच ती राहून जाते. आपल्याकडे पिटो-स्टॅटिकची मुदत विमानाच्या मंजूर देखभाल कार्यक्रमात लिहिलेली असते, ती तिथे पाहा.

उपकरण बंद असताना काय करायचं, यातही दोन देशांत फरक आहे. अमेरिकेत एमईएल (कोणती उपकरणं बंद असताना उडता येतं त्याची मंजूर यादी) नसलेल्या छोट्या विमानासाठी कलम ९१.२१३ चार गोष्टी विचारतं: हे उपकरण दिवसाच्या व्हीएफआर प्रमाणनाचा भाग आहे का, विमानाच्या यादीत किंवा तक्त्यात अनिवार्य आहे का, ज्या प्रकारचं उड्डाण करायचं त्याला ९१.२०५ किंवा दुसरा नियम ते मागतो का, एखाद्या उड्डाणयोग्यता निर्देशात ते आहे का. चारही उत्तरं ‘नाही’ असतील तरच ते काढून किंवा निष्क्रिय करून त्यावर ‘बंद’ची चिठ्ठी लावायची, आणि त्यामुळे धोका नाही हे ठरवून निघायचं. या हिशेबानं सरकणाऱ्या हेडिंगसह भाऊ दिवसा व्हीएफआर जाऊ शकेल, जर त्याच्या विमानाचा तक्ता आड येत नसेल. आयएफआर नाही. भारतात हा निर्णय वैमानिकानं मनानं घ्यायचा नाही. दोष टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) लिहायचा, मंजूर एमईएल असेल तर तिच्या चौकटीत एएमईंनी तो पुढे ढकलायचा, नाहीतर दुरुस्त करून सही करायची.

आणि यातच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. मोठ्यांना ‘नाही’ म्हणायची गरज नाही, मोजलेला आकडा सांगा. इन्स्ट्रक्टर बरोबर असताना विमानाचे प्रमुख तेच असतात, पण दोष पाहिलेला तुम्ही असता. इंजिन बंद केल्यावर खाली उतरण्याआधी म्हणा, “सर, हेडिंग पाच मिनिटांत दहा अंश सरकतोय, व्हॅक्यूम ४.८ होता, अ‍ॅटिट्यूड ठीक होता. टेक लॉगमध्ये मी लिहू का?” असं विचारल्यावर कोणी चिडलं असं सहसा होत नाही, कारण तुम्ही मत मांडलेलं नसतं. ‘हेडिंग इंडिकेटर खराब’ असं मोघम लिहू नका. एएमईंना त्यातून काहीच मिळत नाही आणि जमिनीवर ठीक दिसलं की नोंद तशीच बंद होते. किती मिनिटांत किती अंश, कोणत्या बाजूला, व्हॅक्यूम किती, कोणत्या आरपीएमवर, हे लिहा. सोलोला निघाल तेव्हा प्रमुख तुम्हीच असाल. त्या दिवशी आधीच्या नोंदीसमोर दुरुस्तीची सही नसेल, तर चावी परत ठेवून दुसरं विमान मागा.